ट्रकच्या ओबीडी सॉकेटला लावायचा 'डिझेल सेव्हर' घ्यावा का? आणि जुन्या गाडीत हे सॉकेट असतं कुठं?

गूळगाडी

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय.

घरच्या दोन गाड्या आहेत. एक दहाचाकी, २०११ ची, बीएस-३. दुसरी सहाचाकी, २०१८ ची, बीएस-४, युरियावाली (धूर साफ करायला युरिया लागतो ती). गुऱ्हाळं चालू असली की दहाचाकीला मार्केट यार्डातून गूळ असतो, गुजरातकडं. एरवी शिरोलीचं कास्टिंग घेऊन चाकण. सहाचाकी गगनबावड्यावरनं कोकणात उतरते. येताना भाडं मिळालं तर ठीक, नाहीतर रिकामीच वर येते.

तावडे हॉटेलपाशी गाड्या थांबतात तिथं एक पोरगा डबी विकत फिरतोय. स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात (स्कॅनर लावून गाडीतले बिघाड वाचायची जागा) खोचायची, बटण दाबून धरायचं, हिरवा दिवा लागतो. अडीचशे किलोमीटर चालवली की म्हणे ती ड्रायव्हरची सवय शिकते आणि ॲव्हरेज १५ ते ३० टक्के वाढतं. एक घेतली तर दोन हजार, दोन घेतल्या तर साडेतीन.

माझी अडचण अशी की दहाचाकीत ते सॉकेटच सापडेना. डॅशबोर्ड खालून-वरून बघून झाला. सहाचाकीत आहे, फ्यूज बॉक्सच्या झाकणामागं. पण त्या गाडीचं ॲव्हरेज पूर्वी साडेपाचच्या आसपास होतं, ते आता पाचाच्या खाली आलंय. वर्कशॉपला दाखवली तर फिल्टर बदलून दिले आणि "गाडीचं वय झालंय आता" म्हणाले. सहा वर्षांत कसलं वय होतंय?

भाचा त्याच्या कारला मोबाईलवर चालणारं ब्लूटूथचं स्कॅनर लावतो, पाच-सातशे रुपयांचं. ते ट्रकला चालेल का? डबी घेऊ का नको? जाणकारांनी सांगा.

करूळ_उतार

भावा, दोन हजाराचं डिझेल टाक आणि डबीवाल्याला रामराम कर. तेवढं तरी गाडी पळंल.

मी याच गगनबावड्याच्या करूळ घाटात गाडी चालवतो. ॲव्हरेज पायात असतंय, डबीत न्हाय. हिरव्या पट्ट्यात आरपीएम ठेवायचा, पुढं गुरं दिसली की लांबनंच पाय काढायचा, आणि उतारावर न्यूट्रल मारून सोडायची. फुकटचे किलोमीटर.

पंप_नोझल_उद्यमनगर

मालक, आधी डबीचं सांगतो म्हणजे ते मिटलं.

एका गिऱ्हाइकानं असलीच एक माझ्याकडं आणून टाकली होती. झाकण नखानं उचकटलं. आत एक बारकं आयसी, तीन एलईडी, बटण आणि दोन-चार रेझिस्टर. दिवे लुकलुकवायला एवढं पुरतं. गाडीच्या कॅन लाईनशी (गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरनं एकमेकांशी बोलतात ती) बोलायचं तर ट्रान्सीव्हर म्हणून वेगळं आयसी लागतं, ते बोर्डावर नव्हतंच. जी वस्तू गाडीशी बोलतच नाही ती ड्रायव्हरची सवय कुठनं शिकणार? आणि बोलणारी असती तरी ईसीयूमधलं (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं) डिझेलचं सेटिंग अशानं बदलत नाही. त्याला रीमॅपिंग म्हणतात, त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, माणूस वेगळा, आणि बिघडवून ठेवणारेच जास्त. ओबीडीचं सॉकेट म्हणजे थर्मामीटर लावायची जागा. ताप किती ते कळतं, उतरत नाही.

आता दहाचाकी. सॉकेट सापडेना कारण ते नाहीच. केबिन उचला आणि इंजिनच्या कडेला बघा. एका रांगेतनं सहा पाईप निघून सहा नोझलला गेलेले दिसले तर तो इनलाईन पंप. कंपनीचं नाव २००८ ला बॉश झालं तरी आमच्या गल्लीत अजून त्याला मायको पंपच म्हणतात. डिझेल किती सोडायचं हे त्यात गव्हर्नरमधली वजनं आणि स्प्रिंगा ठरवतात. ईसीयू नाही, सेन्सर नाही, मग स्कॅनर वाचणार काय?

त्या गाडीत वाचायचं ते धुरात. लोड घेऊन चढाला लागली की काळा धूर किती वेळ राहतो ते मागनं दुसऱ्या गाडीतनं बघा. गिअर टाकताना एक भपका आला आणि विरला, तर चालतं. चढभर काळाच राहिला तर तुम्ही डिझेल जाळत नाही, सांडताय. याची कारणं दोन तऱ्हेची. एकतर हवा कमी पडतेय, नाहीतर डिझेल जास्त किंवा वाईट पडतंय.

हवेचं आधी बघा, स्वस्त आहे. फाउंड्रीच्या यार्डात वाळूची धूळ, उसाच्या दिवसात रस्त्याला पाचटाचा भुसा, एअर क्लीनर काय करणार? क्लीनरच्या पाईपवर व्हॅक्यूम इंडिकेटर असतो, तो लाल झालाय का बघा. नसेल किंवा फुटला असेल तर बसवून घ्या. जाळी कॉम्प्रेसरनं मारायची तर आतनं बाहेर, कमी प्रेशरनं. आमच्याकडं क्लीनर पोरं बाहेरनंच फाट्टदिशी मारतात, कागदाला बारीक भोक पडतं आणि मग धूळ सरळ टर्बोत (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यात).

डिझेलच्या बाजूला पहिला प्रश्न, पंप कुणी वाढवलाय का? गाडी ओढेना म्हटलं की ड्रायव्हर वाटेत कुठंतरी पंप वाढवून घेतो. मॅक्झिमम स्क्रूचं तारेचं सील तुटलेलं दिसलं की समजायचं. ओढ वाढल्यासारखी वाटते खरी, पण जादाचं डिझेल जळायला तेवढी हवा आतच येत नाही, त्यामुळं बरंचसं सायलेन्सरवाटे काळं होऊन जातं, आणि पिस्टन तापतो तो वेगळाच.

मग नोझल. टेस्टरला लावून हँडल मारलं की चांगला नोझल टर्र टर्र असा बोलतो आणि प्रत्येक भोकातनं सारखी वाफ सुटते. एका भोकातनं धार, दुसऱ्यातनं काहीच नाही, टोकाला थेंब लोंबतोय, असं असेल तर गेला. उघडायचं प्रेशर प्रत्येक इंजिनचं ठरलेलं असतं, या जातीच्या इंजिनांना साधारण २०० ते २५० बार. चालून चालून स्प्रिंग बसते, वीस-तीस बार उतरतात, डिझेल लवकर आणि जाडं पडायला लागतं. त्यानंतरच पंप बेंचवर. तिथं सहाही एलिमेंटचं डिझेल काचेच्या नळ्यांत धरून मोजतो. एका नळीत जास्त आणि शेजारच्या नळीत कमी असेल तर इंजिन थरथरतं, आणि मालक इंजिनच्या फाउंडेशनचं रबर बदलत बसतो.

पंपवाल्यानं सांगू नये असं एक सांगतो. पंप खोलायच्या आधी चाकं बघा. हायवेनं पन्नास-साठ किलोमीटर या, शेवटी जोरात ब्रेक न मारता गाडी थांबवा आणि सगळ्या ड्रमजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तिथं ब्रेक धरून बसलाय. स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचं अंतर जुळवणारा दांडा) मागं येत नाही, नाहीतर रोलर-कॅम सुकलाय. अशी गाडी घेऊन लोक माझ्याकडं "नोझल बघा" म्हणून येतात.

वायरहार्नेस

काकांनी मेकॅनिकलचं सगळं सांगितलंय. मी गोकुळ शिरगावला वायरिंगच्या कामात आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

डबीबद्दल एकच भर. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण खात्यानं इंधन वाचवतो म्हणून विकल्या जाणाऱ्या शंभरावर वस्तू आजवर तपासल्यात. मायलेज नाव घेण्यासारखं वाढवणारी एकही सापडली नाही.

भाच्याचं स्कॅनर ट्रकला लावू नका, निदान मोजल्याशिवाय तरी. कारची बॅटरी १२ व्होल्ट, तुमच्या गाडीची २४, आणि चालू गाडीत अल्टरनेटर २८ पर्यंत नेतो. असल्या स्कॅनरमधल्या ईएलएम३२७ चिपच्या स्वस्त नकलांमध्ये आतले कपॅसिटर एवढ्यासाठी नसतात. १६ पिनांच्या सॉकेटात १६ नंबरला बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ ला अर्थ. मल्टिमीटर लावून बघा. २४ व्होल्टच्या सॉकेटात दोन रांगांमधली खाच मध्ये तुटक असते, म्हणजे कारचा प्लग जाऊच नये. जात नाही म्हणून कानस मारून घालणारे लोक मी बघितलेत.

दुसरं, भाषा. मोठ्या गाड्यांत बहुतेक जे१९३९ (ट्रक-बसच्या कॉम्प्युटरांची भाषा) चालतं, २५० केबीपीएसच्या वेगावर. कारची ॲप ५०० वर हाका मारत बसतात आणि मग 'ईसीयूशी कनेक्शन नाही' दाखवतात. गाडी खराब नसते. जे१९३९ वाचणारा, २४ व्होल्टला चालणारा स्कॅनर लागतो. विकत घ्यायची गरज नाही, हायवेच्या कडेचे चांगले ऑटो इलेक्ट्रिशियन ठेवतात, पाचेकशे रुपयांत बघून देतात.

जायच्या आधी एक तपासणी घरीच करा. बॅटरी काढा, मीटर ओहमवर, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये. ६० ओहमच्या आसपास आलं तर कॅन लाईन धड आहे (दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात, ते समांतर म्हणून ६०). १२० आलं तर एक टोक तुटलंय. काहीच आलं नाही तर तुमच्या गाडीत कॅन कदाचित दुसऱ्या पिनांवर आहे, तेव्हा घाबरू नका, वायरिंग डायग्राम बघा.

आणि स्कॅनर लावला की नुसते एरर कोड पुसून घेऊन येऊ नका. लाईव्ह डेटा मागा. कूलंटचं, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं, तापमान (एसपीएन, म्हणजे त्या आकड्याचा कोड, ११०), इनटेक मॅनिफोल्डचं प्रेशर (१०२) आणि डिझेलचा दर लिटर-ताशी (१८३), हे तिन्ही गाडी लोडवर चालवताना बघायचे. उभ्या गाडीत काही कळत नाही.

गूळगाडी

मल्टिमीटरनं ६१ ओहम आले. १६ नंबरला २५ व्होल्ट. सांगितलंत ते बरं झालं, भाच्याचा प्लग मी खोचणारच होतो.

शिरोली फाट्यावर एका इलेक्ट्रिशियनला शेजारी बसवून कास्टिंगच्या लोडवर किणी टोल नाक्यापर्यंत जाऊन आलो. स्क्रीनचे फोटो काढलेत. एरर एकच, तोही जुना, युरियाच्या पातळीचा. पण कूलंट पूर्ण रस्ताभर ६२ ते ६६ अंश. त्याच्या वर गेलाच नाही. प्रेशर किल्ली ऑन आणि इंजिन बंद असताना ९५ किलोपास्कल, चढाला पूर्ण पॅडल दिल्यावर १५५. हे बरं का वाईट?

आणि उताराला गिअरमध्ये पाय काढला की डिझेलचा आकडा शून्य झाला. सरळ शून्य. स्कॅनर बिघडलाय म्हणून मी त्याला परत लावायला लावला. परत शून्यच.

पंप_नोझल_उद्यमनगर

स्कॅनर बरोबर आहे. एकेक घेऊ.

६२-६६ म्हणजे इंजिन कधी तापतच नाही. माझी पैज, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) कुणीतरी काढून टाकलाय. कुठल्यातरी उन्हाळ्यात घाटात गाडी गरम झाली असणार, रेडिएटर साफ करायचा सोडून मेकॅनिकनं थर्मोस्टॅटच उपसला. आपल्याकडं हा इलाज पिढीजात आहे. मग पाणी सारखं रेडिएटरमधनंच फिरतं. इंजिन ८०-८५ वर चालायला पाहिजे ते साठीत चालतं, ऑईल जाड राहतं, ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि तो थंड इंजिनाच्या हिशेबानं डिझेल देतो. शिवाय तुमची युरियावाली. एक्झॉस्ट साधारण दोनशे अंशांच्या खाली असला की युरियाचा फवाराच पडत नाही. थर्मोस्टॅट घाला, त्याच कामात रेडिएटर बाहेरनं कॉम्प्रेसरनं आणि आतनं फ्लश करून घ्या, नाहीतर घाटात परत गरम झाली की परत तोच इलाज होईल.

प्रेशर. किल्ली ऑनला ९५ हे बरोबर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, आपली हवाच तेवढी. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय आणि स्क्रीनवरचा आकडा हवेचं प्रेशर धरून आहे. आता १५५ मधनं ९५ वजा करा, टर्बोचं स्वतःचं ६० राहिलं. इंटरकूलर (टर्बोतनं आलेली हवा गार करणारा) असलेल्या या इंजिनाला पूर्ण लोडवर १०० च्या वर दिसायला पाहिजे. हवा कुठंतरी निसटतेय. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड हे रबरी होज हातानं चाचपा, क्लॅम्पच्या खाली जिथं घडी पडते तिथं. ऑईलची काळी, ओलसर रेघ बाहेर आलेली दिसली तर तिथंच चीर. दिसली नाही तर साबणाचं पाणी लावून हलकी हवा भरायची, बुडबुडे येतात. चीर गाडी उभी असताना मिटलेली असते, लोडला उघडते, म्हणून वर्कशॉपला दिसली नसेल.

युरियाचा कोड आलाय म्हणून एक. इम्युलेटर (युरिया पडतोय असं ईसीयूला खोटं सांगणारी डबी) लावून देतो म्हणणारे भेटतील, "युरियाचा खर्चच बंद" म्हणून. युरिया डिझेलच्या चार-पाच टक्के जातो, ती बचत खरी. पण कायद्यात बसत नाही, कोकणातनं येताना तो धूर आपल्याच गावात सोडायचा, आणि ॲव्हरेज त्यानं तसूभर वाढत नाही. उलट युरिया भेसळीचा निघाला तर ईसीयू टॉर्क कापतो, ड्रायव्हर एक गिअर खाली चालवतो आणि डिझेल जातं. बंद डब्यातला घ्या.

आता उताराचं, आणि हे करूळ_उतार यांनीही वाचावं. गिअरमध्ये पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात, ईसीयूला डिझेल द्यायची गरज नसते, म्हणून शून्य. न्यूट्रल मारला तर इंजिन स्वतःच्या जिवावर आयडलला चालतं, त्याला डिझेल लागतंच. म्हणजे तुमचे फुकटचे किलोमीटर विकतचे आहेत.

करूळ_उतार

कॉमन रेलचं, म्हणजे ईसीयूवाल्या गाडीचं, असंल तसं. माझी गाडी जुन्या पंपाची हाय, तिला कुठला आलाय ईसीयू? आमच्या वस्तादानं न्यूट्रलच शिकवलं.

पंप_नोझल_उद्यमनगर

जुन्या पंपाला गव्हर्नर आहे की. पाय काढलेला आणि आरपीएम आयडलच्या वर, की वजनं बाहेर फेकली जातात आणि रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) मागं येतो, डिझेल बंद. बेंचवर रोज बघतो, नळ्यांत थेंब पडत नाही. आयडलला आणा, लगेच परत पडायला लागतो.

आणि डिझेल सोडा. करूळच्या उताराला न्यूट्रलमध्ये इंजिन ब्रेक गेला, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. लायनर तापले की पकड सुटते. त्यात आयडलला कॉम्प्रेसर सावकाश हवा भरतो आणि तुम्ही वळणावळणाला ब्रेक मारून टाकीतली हवा संपवता. एक्झॉस्ट ब्रेक चालू असेल तर तो वापरा. वस्तादांनी शिकवलं तेव्हा गाडीवर दहा टन असायचं, आता किती असतं ते तुम्हालाच माहीत.

करूळ_उतार

बरं. पुढच्या खेपेला गिअरमध्ये उतरवून बघतो. टाकी मात्र मीच भरणार आणि मीच मोजणार.

वायरहार्नेस

मोजायचं तर नीट मोजा. एकच पंप, एकच नोझल, टाकी गळ्यापर्यंत, आणि जाऊन-येऊन पूर्ण खेप धरायची. जाताना भरलेली आणि येताना रिकामी यांचं वेगळं ॲव्हरेज काढून काही हाती लागत नाही. गूळगाडी दादा, मधल्या काळात टायरचं माप बदललंय का? मागं वेगळ्या मापाचे किंवा रिमोल्ड घातले असतील तर किलोमीटरचा काटाच थोडा खोटा सांगतो, आणि तुमच्या पडलेल्या अर्ध्या किलोमीटरमधला काही भाग नुसता कागदावरचा असू शकतो. मोबाईलच्या जीपीएसवर शंभर किलोमीटरचा पट्टा काट्याशी ताडून बघा. टायरची हवाही थंड असताना गेजनं बघा, ठोसा मारून नाही. सगळ्या टायरांत दहा पीएसआय कमी म्हणजे साधारण एक टक्का डिझेल जास्त.

गूळगाडी

चीर सापडली. इंटरकूलरच्या वरच्या होजला, अगदी क्लॅम्पच्या घडीत, बोटानं दाबल्याशिवाय दिसत नव्हती. थर्मोस्टॅट हाऊसिंग खोललं तर आत नुसतं गॅस्केट, थर्मोस्टॅटचा पत्ता नाही. दोन्ही कामं झाली. आता कूलंट ८३-८४ ला टिकतंय, चढाला प्रेशर २१० दिसतं. ड्रायव्हर म्हणतो शिये फाट्याच्या पुलावर गिअर उतरवावा लागत नाही. टायर मागचे बदललेलेच होते, काटा शंभराला दोन किलोमीटर जास्त दाखवतो, म्हणजे खरं ॲव्हरेज मी समजत होतो त्याहून कमीच होतं. नवीन आकडा गूळ संपेपर्यंत कळेल, तोवर काही बोलत नाही.

दहाचाकीचं गणित मांडून बघितलं. महिन्याला सहा हजार किलोमीटर, चारचं ॲव्हरेज ४.४ झालं तरी १३६ लिटर वाचतात. नव्वदीच्या भावानं बारा हजारांच्या पुढं. पंप-नोझलचं काम काही महिन्यांत सुटेल. काका, पंप आणि नोझल उतरवून रिक्षानं तुमच्याकडं पाठवू का? गाडी शिरोलीत उभी आहे.

पंप_नोझल_उद्यमनगर

नोझल पाठवा, पंप उतरवू नका. उतरवून परत बसवताना टायमिंगचा दात इकडचा तिकडं झाला तर माझं कॅलिब्रेशन वाया आणि दोष पंपाला. आधी टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) बघून घ्या, थंड इंजिनवर, मग ड्रम तपासा. एवढं करूनही धूर काळा राहिला तर गाडीच घेऊन या, टायमिंग गाडीवर बघून मगच पंप मी खोलेन. नोझल पाठवताना पाईप काढलेल्या जागी स्वच्छ टोप्या लावा, चिंध्या कोंबू नका. आणि कुठला नोझल कुठल्या सिलिंडरचा ते खडूनं लिहा, खराब निघाला तर तो पिस्टन बघावा लागेल.